निर्वासित मुलांच्या हाती कॅमेरा द्यावा, आणि निवडीचा अधिकारही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

युद्ध, छळ किंवा उपासमार यांमुळे देश सोडावा लागलेल्या माणसांची छायाचित्रे आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत नेहमी प्रसिद्ध होतात आणि त्यांतली पुष्कळशी मुलांची व किशोरवयीनांची असतात. फोटोओळीत देशाचे नाव असते, छावणीचे असते, छायाचित्रकाराचे आणि वृत्तसंस्थेचेही असते. ज्याचा चेहरा छापलेला असतो त्याचे नाव मात्र बहुधा नसते. कधी ते सुरक्षिततेसाठी गाळलेले असते आणि तसे असेल तर ते योग्यच आहे. पण बऱ्याचदा ते कोणी विचारलेलेच नसते. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग जगात अनेक ठिकाणी चोखाळला जातो. स्थलांतरित आणि निर्वासित मुलामुलींच्या हाती कॅमेरा देऊन त्यांना आपले जगणे आपणच टिपू द्यायचे, असा तो मार्ग आहे. मी छायाचित्रण शिकवते, अशा मुलांच्या वर्गांतही शिकवले आहे, आणि या कामाविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात एक महत्त्वाची गोष्ट सतत राहून जाते असे मला वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच. कॅमेरा हाती देणे हा या कामाचा सोपा भाग आहे. काढलेल्या छायाचित्रांतले कोणते ठेवायचे, कोणते दाखवायचे, त्याखाली काय लिहायचे आणि कोणते कधीच कोणाला दाखवायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलाकडे आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

हा अधिकार नसला की काय होते याचे सर्वपरिचित उदाहरण शरबत गुला यांचे आहे. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीतील मुलींच्या शाळेत अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी या अफगाण मुलीचे छायाचित्र काढले. १९८५ च्या जूनमध्ये ते ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आले आणि तिचे हिरवे डोळे जगभर पोहोचले. तिचे नाव मात्र जगाला ठाऊक नव्हते. २००२ मध्ये तिचा शोध लागला, बुबुळांच्या रचनेची तुलना करून ती तीच असल्याची खात्री करण्यात आली, आणि तेव्हा कुठे तिने आपले ते छायाचित्र पहिल्यांदा पाहिले. पुढे २०१६ मध्ये बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात तिला अटक झाली व अफगाणिस्तानात परत पाठवण्यात आले. २०२१ च्या अखेरीस इटलीने तिला आश्रय दिला. जिचा चेहरा असंख्य लोक पाहताक्षणी ओळखत होते, तिच्यावर ओळखीच्या एका कागदापायी तुरुंगात जाण्याची वेळ आली. छायाचित्रकाराच्या कौशल्याविषयी इथे काहीही वाद नाही. पण ते छायाचित्र निवडण्यात, छापण्यात, त्याला नाव देण्यात त्या मुलीचा कणभरही सहभाग नव्हता, आणि सतरा वर्षे ते जगाचे होते, तिचे नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे सक्तीने विस्थापित झालेली होती आणि त्यांतली सुमारे ४० टक्के अठरा वर्षांखालील होती. या मुलांची नव्या ठिकाणी कॅमेऱ्याशी पहिली गाठ पडते ती बहुधा नोंदणीच्या टेबलावर. भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, समोर पाहायचे, हसायचे नाही. चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे, काही ठिकाणी बुबुळांचीही नोंद. शिधा, निवारा, शाळाप्रवेश, पुढच्या देशाकडे जाणारा अर्ज, सगळे या नोंदीवर चालते, त्यामुळे ती नको असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. दुसरा कॅमेरा भेटतो तो बातमीदाराचा आणि तिसरा देणग्या मागणाऱ्या संस्थेचा. पहिल्याला क्रमांक हवा असतो, दुसऱ्याला घटना हवी असते, तिसऱ्याला करुणा. या तिन्हींपुढे उभे राहून झाल्यावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपण कोण दिसतो याविषयी एक उत्तर आपोआप मिळते आणि ते त्याने स्वतः शोधलेले नसते.

‘मी कोण’ हा प्रश्न त्या वयात सर्वांनाच पडतो. या प्रश्नाला मानसशास्त्रात मानाचे स्थान मिळवून देणारे एरिक एरिक्सन स्वतः स्थलांतरित होते, याची इथे आठवण होते. १९०२ मध्ये फ्रांकफुर्टला जन्मलेल्या या माणसाला आपले जन्मदाते वडील कोण हे कधी कळले नाही. १९३३ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९३९ मध्ये तिथले नागरिकत्व घेताना त्यांनी एरिक्सन हे नवे आडनाव स्वतःसाठी निवडले. किशोरवयातील ओळखीच्या पेचाविषयी त्यांनी जे लिहिले त्यात या आयुष्याचा वाटा असणारच. देश बदललेल्या मुलासाठी हा पेच अधिक गुंतागुंतीचा असतो. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. शाळेत शिक्षक त्याच्याकडे त्याच्या मायदेशाचा प्रतिनिधी म्हणून पाहतात आणि मायदेशातून फोन करणारी आजी ‘तू आता तिकडचाच झालास’ म्हणते. आईवडिलांपेक्षा मुलेच नवी भाषा लवकर शिकतात, त्यामुळे दवाखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत दुभाषाचे काम त्यांच्यावर येते आणि घरातले मोठे-लहानपणच उलटेपालटे होते. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी नव्या समाजात आलेल्या माणसांच्या चार वाटा सांगितल्या आहेत: जुने आणि नवे दोन्ही धरून ठेवणे, जुने सोडून नव्यात विरून जाणे, जुन्यातच राहणे, किंवा दोन्हींपासून तुटणे. अभ्यासासाठी ही मांडणी उपयोगी आहे, परंतु प्रत्यक्षात एकच मुलगी सकाळी शाळेत एका वाटेवर असते आणि रात्री घरी दुसऱ्या, हे तिच्यासोबत काही काळ घालवलेल्या कोणालाही दिसते.

अशा मुलांशी त्यांच्या आयुष्याविषयी थेट बोलायला गेले की दोन अडचणी येतात. नव्या भाषेत मनातले सांगण्याइतके शब्द अजून जमा झालेले नसतात, ही पहिली. दुसरी अधिक अवघड आहे. ‘तुझी कहाणी सांग’ हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकलेले असते; आश्रयाचा अर्ज करताना अधिकाऱ्यापुढे, वकिलापुढे, समुपदेशकापुढे तीच कहाणी तारीखवार, विसंगती न येऊ देता सांगावी लागलेली असते, आणि त्यामुळे ती घोटून घोटून गुळगुळीत होऊन जाते. छायाचित्र समोर ठेवले की बोलणे स्वतःपासून थोडे दूर सरकते. मुलगा आपल्याविषयी बोलत नाही, चित्रातल्या खुर्चीविषयी बोलतो, आणि त्या खुर्चीविषयी बोलता बोलता हवे तेवढेच आपल्याविषयी सांगतो. किती सांगायचे हे त्याच्या हाती राहते.

इथे कोणी विचारील की आज प्रत्येक मुलाच्या खिशात मोबाइल आहे, दिवसाला ढीगभर फोटो निघतात, मग वेगळा वर्ग कशाला? फोटो निघतात हे खरे. पण समाजमाध्यमावर टाकण्यासाठी काढलेला फोटो इतरांना कसा दिसेल याचा अंदाज घेऊन काढलेला असतो. एकाच विषयावर आठवडाभर काम करणे, पन्नास चित्रांतली पाच निवडणे, ती का निवडली हे चारचौघांत सांगणे आणि दुसऱ्याने आपल्या चित्रात काय पाहिले ते ऐकून घेणे, हे आपोआप होत नाही. ते शिकवावे लागते.

या शिकवण्याची एक पद्धत गेल्या तीन दशकांत बरीच रुजली आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांना कॅमेरे दिले आणि त्यांच्या आरोग्याचे, कामाचे, अडचणींचे चित्र त्यांनाच काढायला सांगितले. १९९७ मध्ये त्यांनी ‘फोटोव्हॉइस’ या नावाने ही पद्धत सविस्तर मांडली. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या संवादातून शिक्षण या विचाराचा तिला आधार होता. तिचे तीन हेतू होते: लोकांनी आपल्या समाजाचे बळ आणि चिंता स्वतः नोंदवाव्यात, छायाचित्रांभोवती बसून त्यांची चर्चा करावी, आणि ती चर्चा धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचावी. चर्चेसाठी एक प्रश्नमालिका वापरली जाते. इथे तुला काय दिसते? खरे म्हणजे काय चालले आहे? याचा आपल्या जगण्याशी काय संबंध? हे असे का आहे? याविषयी आपण काय करू शकतो? प्रश्न साधे आहेत, पण त्यांचा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. आधी फक्त दिसते ते सांगायचे असल्यामुळे भाषा कच्ची असलेला मुलगाही पहिल्या फेरीत बोलू शकतो.

अशा एका वर्गात ‘घर’ किंवा ‘आठवण’ असे विषय आम्ही मुद्दाम टाळले होते, कारण त्यांवर सर्वांची चित्रे एकसारखी येतात. विषय दिला होता, ‘मी रोज करतो आणि कोणाला दिसत नाही असे काम’. एका पंधरा वर्षांच्या मुलाने आणलेल्या चित्रात एक टेबल होते, त्यावर छापील अर्ज, आणि दोन हात. एका हाताचे बोट रिकाम्या चौकटीवर टेकलेले, दुसऱ्या हातात पेन, आणि पेनाचे टोक कागदापासून जरा वर थांबलेले. चेहरे चौकटीबाहेर. पहिल्या प्रश्नाला उत्तरे आली ती अर्ज, खिडकीचा उजेड, आईचा हात अशी. दुसऱ्या प्रश्नाला एक मुलगी म्हणाली, आई विचारते आहे आणि हा लिहितो आहे. दुसरा एक म्हणाला, नाही, हा लिहीत नाही, आईला काय सांगायचे ते ठरवतो आहे. तो मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने सांगितले की अर्ज दवाखान्याचा होता, त्यातल्या एका आजाराचे नाव त्याला कळले नव्हते, आणि जे कळले ते त्याने आईला जरा सौम्य करून सांगितले होते. त्यानंतर त्या खोलीत जे घडले त्यासाठीच हे वर्ग घ्यावेत असे मला वाटते. एकामागून एक मुले सांगू लागली की आपल्याही घरी असेच चालते: कोणी भाड्याच्या पत्राचा अर्थ लावते, कोणी शाळेतून आलेला आपल्याच तक्रारीचा फोन वडिलांना भाषांतर करून सांगते. हे आपल्याच घरातले काही लाजिरवाणे गुपित आहे असे प्रत्येकाला वाटत होते. ते एका जबाबदार माणसाचे अवघड काम आहे आणि आपल्यासारखी अनेक मुले ते करतात, हे त्यांना त्या टेबलाच्या चित्रामुळे कळले. त्या मुलाने चित्राखाली दोन-तीन ओळी लिहून खोडल्या आणि शेवटी एवढेच ठेवले, ‘आईला सांगण्याच्या आधी’.

पुढे प्रदर्शन ठरले तेव्हा संयोजकांना साहजिकच हेच चित्र प्रवेशद्वाराशी मोठे करून लावायचे होते. मुलाने नकार दिला. अर्जावर आईचे नाव वाचता येत होते हे एक कारण होते आणि त्यावर उपाय करता आला असता. पण आईला काय सांगितले नाही हे आई तिथे उभी असताना भिंतीवर दिसावे हे त्याला नको होते. संयोजकांनी बरीच मनधरणी केली, निधी देणारे पाहुणे येणार आहेत हेही सांगितले. तो बधला नाही आणि त्याच्याऐवजी त्याने जिन्यातल्या सायकलींचे एक साधे चित्र दिले. प्रदर्शनाच्या दृष्टीने ते नुकसान होते. शिकवणारी म्हणून मला मात्र त्या सगळ्या वर्गांतला तो सर्वांत समाधानाचा क्षण वाटतो, कारण ज्या मुलाला आपल्याविषयीची कोणतीही माहिती कोणत्याही टेबलावर नाकारता येत नव्हती, त्याने इथे ती नाकारली आणि त्याचे ऐकले गेले.

ही मुले कशी दिसावीत याच्या अपेक्षा आपल्या मनात तयार असतात आणि त्यांचा इतिहास जुना आहे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात ऑगस्टस शर्मन नावाचे नोंदणी कारकून होते. साधारण १९०५ ते १९२० या काळात त्यांनी तिथे थांबवून ठेवलेल्या माणसांची छायाचित्रे काढली. पुष्कळदा ते त्यांना आपापल्या मुलखाचा पारंपरिक पोशाख घालून उभे राहायला सांगत. चित्रे देखणी आहेत, आजही संग्रहालयांत जपली जातात; परंतु त्यांतल्या अनेक माणसांची ओळख आज केवळ त्यांचा देश आणि पेहराव एवढीच उरली आहे. शंभर वर्षांनंतरही शाळांमधल्या ‘बहुसांस्कृतिक दिना’ला मुलांना पारंपरिक पोशाख घालून यायला सांगितले जाते, झेंड्याशेजारी उभे करून फोटो काढला जातो, आणि हेतू चांगला असूनही परिणाम शर्मन यांच्या छायाचित्रांसारखाच होतो. मुलांच्या हाती कॅमेरा गेला की हा पोशाख फार क्वचित दिसतो. त्यांच्या चित्रांत येतात ते बूट, बसची मागची सीट, मैत्रिणीचे केस, झोपलेला धाकटा भाऊ, फोनच्या पडद्यावरचा दूरच्या बहिणीचा अस्पष्ट चेहरा. पाहणाऱ्या मोठ्यांची यावर थोडी निराशा होते, ‘यात निर्वासितपण कुठे आहे’ असे ते विचारतात. मला ही निराशा शुभलक्षण वाटते. सतरा वर्षांच्या मुलीला फुटबॉल आवडतो, गणिताची भीती वाटते आणि ती सीमा ओलांडून आलेली आहे. यांतली तिसरीच गोष्ट तिने सतत सांगत राहावी असा आग्रह धरण्याचा आपल्याला काय अधिकार?

कॅमेरा बाळगणे हाच गुन्हा ठरला तर ओळखीचे काय होते, हे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांनी अनुभवले. १९४२ पासून सुमारे १ लाख २० हजार माणसांना, ज्यांतली बहुसंख्य अमेरिकेचीच नागरिक होती, छावण्यांत डांबण्यात आले आणि त्यांना कॅमेरा जवळ ठेवण्याची बंदी होती. लॉस एंजलिसमध्ये स्टुडिओ चालवणारे तोयो मियाताके यांनी कॅलिफोर्नियातील मान्झानार छावणीत एक भिंग आणि फिल्मचा धारक लपवून नेला आणि छावणीतच लाकडी खोक्याचा कॅमेरा बनवून घेतला. ही गोष्ट उघड झाल्यावर त्यांना छायाचित्रे काढण्याची परवानगी मिळाली, पण सुरुवातीला अट अशी होती की मियाताके यांनी सारी जुळवाजुळव करायची आणि बटण मात्र गोऱ्या कर्मचाऱ्याने दाबायचे. ही अट मला वारंवार आठवते. अनेक कार्यशाळांत आज नेमके उलटे होते: बटण मुले दाबतात आणि त्याआधीचे व नंतरचे सारे दुसरेच कोणी ठरवते. मियाताके यांनी पुढे छावणीतल्या लग्नांची, बाळांची, शाळेच्या वार्षिकांकाची छायाचित्रे काढली, आणि तिथे वाढलेल्या मुलांपाशी आपल्या लहानपणाची काही चित्रे उरली ती त्यांच्यामुळे.

अलीकडचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. सीरियातील कोबानी या गावातून २०१४ मध्ये तुर्कस्तानात आलेले तरुण छायाचित्रकार सरबेस्त सालिह यांनी सीमेजवळच्या मार्दिन शहरात मुलांसाठी ‘सिर्कहाने डार्करूम’ ही फिल्म धुण्याची अंधारी खोली चालवली आणि पुढे ती गाडीतून गावोगावी नेली. तिथे मोबाइल किंवा डिजिटल कॅमेरा वापरला जात नाही. मुलांना फिल्मचा साधा कॅमेरा मिळतो. रोल संपेपर्यंत आपण काय टिपले हे दिसत नाही, नंतर मुले स्वतः फिल्म धुतात, लाल उजेडात कागद रसायनात बुडवून धरतात आणि त्यावर चित्र उमटण्याची वाट पाहतात. मोजकेच फोटो हाती असल्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी थांबावे लागते. पुसून टाकायची सोय नसल्यामुळे हललेले, अर्धवट, डोके कापले गेलेले चित्रही तयार होऊन समोर येते, आणि त्यातले कित्येक नीट काढलेल्या चित्रापेक्षा अधिक जिवंत असतात. आणखी एक गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. या वर्गांत केवळ निर्वासित मुले नसतात. सीरियातून, इराकमधून आलेली आणि स्थानिक तुर्की व कुर्दी मुले एकत्र काम करतात. ओळख ही दुसऱ्याच्या नजरेशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून घडते. निर्वासित मुलांचा वेगळा गट करून त्यांना ‘ओळख शोधा’ म्हणून सांगणे म्हणजे त्यांचे वेगळेपण आणखी पक्के करणे होय. स्थानिक मुलालाही आपले घर, आपली गल्ली पाहुण्याच्या नजरेने पाहण्याची गरज असतेच.

या कामातील धोक्यांविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात त्यांकडे दुर्लक्ष होते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदलेली असू शकते. जिच्या मागावर कोणी आहे अशा मुलीच्या खिडकीतून दिसणारे दृश्य, शाळेचा गणवेश किंवा रस्त्याची पाटी तिचा पत्ता उघड करू शकते. मायदेशी राहिलेल्या नातेवाइकाचा चेहरा त्याला अडचणीत आणू शकतो. शिवाय आश्रयाचा अर्ज प्रलंबित असणाऱ्यांच्या फोनवर यंत्रणांचीही नजर असते. पासपोर्ट नसलेल्या अर्जदारांची ओळख व मूळ देश पडताळण्यासाठी त्यांचे फोन तपासण्याची तरतूद जर्मनीने २०१७ मध्ये केली होती. अशी तपासणी सरसकट करणे बेकायदा असल्याचे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवले, पण तोवर अनेकांचे फोन तपासून झाले होते. म्हणून वर्गाच्या पहिल्याच दिवशी, प्रकाश आणि चौकट शिकवण्याआधी, फोनमधली स्थाननोंद बंद कशी करायची, दुसऱ्याची संमती कशी मागायची आणि चेहरा न दाखवता माणूस कसा दाखवायचा हे शिकवले पाहिजे. संमतीही एकदाच सही घेऊन संपत नाही. चित्र काढताना, निवडताना, भिंतीवर लावताना आणि छापताना ती पुन्हा विचारावी लागते. सोळाव्या वर्षी आनंदाने दिलेले चित्र विसाव्या वर्षी नकोसे होऊ शकते आणि ते मागे घेण्याची वाट खुली असली पाहिजे.

छायाचित्रणाने आघात बरा होतो असा दावा काही जण करतात, तोही मला मान्य नाही. याविषयीचे बहुतेक अभ्यास लहान गटांवरचे आणि वर्णनात्मक आहेत. त्यांतून मुलांचा आत्मविश्वास, मैत्री आणि व्यक्त होण्याची तयारी वाढल्याचे दिसते. तेवढे पुष्कळ आहे. रात्री झोप न लागणाऱ्या मुलाला प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते, कॅमेऱ्याची नव्हे, आणि छायाचित्रण शिकवणाऱ्याने ही सीमा ओळखून वेळीच मदत मागितली पाहिजे. घर, शाळा आणि कायदेशीर दर्जा यांना तर दुसरा पर्याय नाहीच.

आता वृत्तपत्राविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे आठवे कलम मुलाचा स्वतःच्या ओळखीवरचा हक्क मान्य करते, बारावे त्याचे मत ऐकले जाण्याचा, तेरावे कलेसह कोणत्याही माध्यमातून व्यक्त होण्याचा आणि सोळावे खासगीपणाचा. बाविसाव्या कलमात निर्वासित मुलांचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेरावे आणि सोळावे कलम एकत्र वाचले की माझे सारे म्हणणे त्यात येते: दाखवण्याचा हक्क आणि न दाखवण्याचाही. हे प्रत्यक्षात येऊ शकते याचा पुरावा बांगलादेशातील रोहिंग्या छावण्यांत आहे. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्वापासून जवळपास वंचित ठेवले आणि ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून आले. कॉक्स बझारच्या त्याच छावण्यांतून, साहात झिया हिरो या रोहिंग्या छायाचित्रकाराच्या पुढाकाराने, २०२२ मध्ये ‘रोहिंग्याटोग्राफर’ हे नियतकालिक सुरू झाले. त्यातील छायाचित्रकार स्वतः निर्वासित आहेत आणि चित्रे त्यांच्या नावानिशी छापली जातात. २०२३ मध्ये साहात झिया यांच्यासह चार रोहिंग्या कथनकारांना निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना संयुक्त राष्ट्रांचे उच्चायुक्तालय देते तो नानसेन निर्वासित पुरस्कार आशिया-पॅसिफिक विभागासाठी मिळाला. कागदोपत्री ज्यांना कोणत्याच देशाने आपले म्हटले नाही, त्यांनी आपल्या माणसांची ओळख जगापुढे स्वतः मांडली आणि ती वृत्तसंस्थांच्या छायाचित्रांपेक्षा कितीतरी वेगळी दिसते: त्यात शिंपी आहेत, शिक्षक आहेत, वृद्ध जोडपी आहेत, पुरात खेळणारी मुले आहेत.

माझी आपणास विनंती अशी आहे की विस्थापितांविषयीच्या बातम्या व लेखांसोबत अशा तरुणांनी स्वतः काढलेली छायाचित्रेही आपण विकत घेऊन, रीतसर मानधन देऊन छापावीत. त्यांना हवे ते नाव, खरे किंवा घेतलेले, चित्राखाली द्यावे. त्यांनी लिहिलेली फोटोओळ जागेअभावी कापावी लागली तर त्यांना विचारून कापावी, आणि तिच्या जागी कार्यालयात बसून लिहिलेले भावुक वाक्य घालू नये. चित्र पुन्हा वापरायचे असेल तर पुन्हा परवानगी घ्यावी आणि त्यांनी ते संकेतस्थळावरून काढायला सांगितले तर विनातक्रार काढावे. वृत्तसंस्थेचे छायाचित्र वापरताना त्यातील अल्पवयीन मुलाचे नाव सुरक्षिततेसाठी गाळले असेल तर तसे फोटोओळीत नमूद करावे, म्हणजे नाव विचारलेच नव्हते की विचारून राखून ठेवले, हे वाचकाला कळेल. या कामी आपल्या छायाचित्र विभागाला माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांची काही मदत हवी असेल तर ती मी आनंदाने आणि विनामूल्य करीन.

कळावे.

आपली विश्वासू,
छायाचित्रण शिकवणारी एक वाचक